हेडसेट काढला की डॉक्टर गायब

शाळेत सगळे त्यांना अंधारबाई म्हणत. विशेष मुलांच्या त्या शाळेतली तळमजल्यावरची खोली त्यांच्याकडे होती. खिडक्यांना जाड काळे पडदे, जमिनीवर गाद्या, एक जड पांघरूण आणि कोपऱ्यात पाण्याची उंच नळी, तिच्यातून रंगीत बुडबुडे सावकाश वर चढत. गोंगाटाने बिथरलेलं मूल इथे आणलं की हळूहळू निवायचं.

"दिवसभर अंधारात बसून काय उजेड पाडतेस, एकदा येऊन बघायला हवं," नवरा म्हणायचा.

"ये की. पण तोंड बंद ठेवावं लागतं तिथे. तुला झेपायचं नाही."

अलीकडे खोलीत एक हेडसेट आला होता. डोळ्यांवर चढवला की भोवती चित्रीकरण केलेली जागा दिसायची आणि मूल गादीवर बसल्या बसल्या दुकानात नाहीतर लिफ्टमध्ये जाऊन यायचं.

ढब्बूची दाढ किडली, तेव्हा बाईंना तोच आठवला. ढब्बू अकरा वर्षांची, न बोलणारी. दुखण्याने खाणं सुटलं होतं आणि नाव तेवढं गुबगुबीत उरलं होतं. दवाखान्याच्या दारातूनच ती पळून यायची. पूर्ण भूल देऊन दाढ काढता आली असती, पण मागे एकदा भुलीत तिचा श्वास अडकला होता. "पुन्हा ते नको हो, बाई," आई एवढंच म्हणाली.

बाईंनी दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत स्वतः बसून हेडसेटसाठी चित्रीकरण केलं. दिवा, वाकलेला चेहरा, यंत्राची घरघर, सगळं. नियम एकच: भीती वाटली की हेडसेट काढायचा. सुरुवातीला ढब्बू तो चढवायची आणि लगेच भिरकावून द्यायची. मग थोडं थांबू लागली. शेवटी तोंड उघडून पूर्ण बघू लागली.

दवाखान्यात ती आपण होऊन खुर्चीत चढली. डॉक्टरांनी सुई जवळ आणली. ढब्बूने दोन्ही हात कानशिलांकडे नेले, आणि तिथे काढायला हेडसेटच नव्हता. ती केस ओढू लागली, कान ओरबाडू लागली.

"आज राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "भुलीचंच बघू."

आईने पदराचं टोक मुठीत धरलं.

"मीच हिला बंद करायचं शिकवून ठेवलंय," बाई म्हणाल्या. "आणि इथे बंद काय करणार ती?" त्या खुर्चीमागे गेल्या. स्वतःचे तळहात त्यांनी ढब्बूच्या डोळ्यांवर ठेवले. "डॉक्टर, हिने माझे हात काढले की तुम्ही मागे सरायचं. अगदी भिंतीपर्यंत."

"आणि बाहेरचे पेशंट?"

"त्यांना सांगा, अंधार पडलाय."

ढब्बूने हात लगेच झटकले. डॉक्टर भिंतीला टेकले. तिने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईंची मनगटं धरून हात पुन्हा डोळ्यांवर ओढून घेतले. पुढचा सगळा वेळ तसाच गेला.

"सरलो, मालकीणबाई, सरलो," दरवेळी भिंतीशी जाताना डॉक्टर म्हणत. बाहेर कुणीतरी जोरजोरात खोकून आपण ताटकळत असल्याचं कळवत होतं.

दुपारी दाढ निघाली. आईने ट्रेमध्ये वाकून पाहिलं.

"एवढीशीच होती होय गं," ती म्हणाली, आणि तिथल्याच स्टुलावर बसली.