पट्टीवरचे दोन ठिपके

रत्नागिरीतल्या एका खासगी दवाखान्यात मालन अठरा वर्षं ऑपरेशनच्या खोलीत राबली. नाकातला वाकडा पडदा सरळ झाला, की टाके घालण्याआधी स्टीलची थंडगार पट्टी रोग्याच्या नाकाखाली धरायची, हे तिचं काम. भूल फक्त नाकापुरती, रोगी जागाच असे. त्यानं श्वास सोडला की पट्टीवर वाफेचे दोन ठिपके उमटत. ठिपके सारखे, म्हणजे दोन्ही नाकपुड्या मोकळ्या. मालन "सारखे" म्हणाली, की मगच डॉक्टर सुई उचलत. दहावी नापास बाई, पण डॉक्टर म्हणायचे, मालनताईंची नजर मशीनला भारी. हे वाक्य तिनं घरी इतक्यांदा ऐकवलं, की नवरा कंटाळून टीव्हीचा आवाज वाढवी.

म्हणून तर माहेरच्या शेजारणीला, तुळसावहिनीला, तिनं मुलाच्या नाकासाठी मुद्दाम याच दवाखान्यात आणलं. वहिनीचा मुलगा रितेश जयगडला बंदरात कामाला. नाक कायम चोंदलेलं, दोन जिने चढला तरी धापा टाकायचा.

त्याच्या ऑपरेशनच्या वेळी डावीकडचा ठिपका उमटला तो जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. मालननं पट्टी पुसली, पुन्हा धरली. तेच. तिनं स्पष्ट सांगितलं, "डावीकडं वाफ नाही, डॉक्टर."

डॉक्टरांना मुंबईची गाडी गाठायची होती. सूज असेल, उतरेल, म्हणत त्यांनी टाके घातले आणि घरच्यांना सगळं व्यवस्थित झाल्याचं कळवायला तिलाच बाहेर पाठवलं. तिनं कळवलं. डॉक्टर म्हणतात म्हणजे सूजच असणार.

चार महिन्यांनी रितेश तसंच चोंदलेलं नाक घेऊन आईबरोबर परत आला. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. पडदा डावीकडं अजून वाकडाच होता. मालन शेजारी ट्रे धरून उभी. तिच्याकडं न बघता डॉक्टर शांतपणे वहिनीला म्हणाले, "मालनताईंनी दोन्ही बाजू सारख्या सांगितल्या, म्हणून मी टाके घातले."

ज्याला देव मानलं त्यानंच केसानं गळा कापला. मालननं ट्रे टेबलावर ठेवला आणि वहिनीच्या मागोमाग बाहेर पडली.

वऱ्हांड्यात तिनं वहिनीचा हात धरून घडलं ते सगळं सांगितलं. वहिनीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हात सोडवला.

"मंग भायेर येऊन सगलं बरं झालं म्हणून माला तूच सांगितलंस ना?"

तेवढं मात्र डॉक्टरांनी रचलेलं नव्हतं.