रिकाम्या खुर्चीवरचा दिवा

विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात, भर दुपारी, रिकाम्या खुर्चीवरचा दिवा आपोआप लागला. "तुमचे सेन्सर बिघडलेत, सगळे काढून न्या," विद्यापीठाचे अभियंता साहेब म्हणाले आणि निघून गेले. माझं डोकं तापलं. माणूस हलला की लागणारे हे दिवे मी स्वतः इमारतभर बसवलेत. हेल्परचा कंत्राटदार झालो तो याच कामावर.

त्या खुर्चीत ग्रंथालयातले पाध्येकाका जुनी पुस्तकं तपासत. इतके स्थिर बसत, की पाच मिनिटांनी दिवा विझे. मग मान न उचलता हात हलवून ते तो लावत.

"शेठ, दहा मिनिटं तरी राहू द्या की."

"पाचच, काका. वीज वाचवायचीय. हात हलवा, व्यायाम होईल!"

मी शेवटपर्यंत पाचवरून हललो नाही. उन्हाळ्यात काका गेले.

आता जिन्यापाशी, सेन्सरच्या टप्प्याबाहेर, मी उभा राहिलो. पाच मिनिटांनी दिवा विझला आणि लगेच लागला, कुणीतरी हात हलवावा तसा. मी शिडी लावली आणि सेन्सरची वेळ दहा मिनिटं केली. "घ्या, काका."

जिन्यापाशी परत आलो. दहा मिनिटांनी दिवा विझला. पुन्हा लागला नाही. साहेबांनी बोट ठेवावं असा बिघाड आता उरला नव्हता. तरी मी अंधारात थांबून राहिलो, काका आणखी काही मागतील म्हणून.