पाहुण्यांसाठी चूल

माझी बायको धुरानं मेली. घरात गॅस असून धुरानं मेली. लोकं विचारतात काय झालं होतं, तर मी दमा सांगतो. दमा म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. मला गोड लिहिता येत नाही.

आमचं गाव पांढरकवड्यावरून आत, जंगलाला लागून. वाघ पाहायला मोटारी येऊ लागल्या तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं गावाचा नुसता उकिरडा झाला. नाल्यात पाण्याच्या बाटल्या, चिप्सच्या पुड्या. शेजाऱ्याची गाय पिशव्या खाऊन मेली, तिचं पोट फाडलं तर आत प्लास्टिकचा गठ्ठा निघाला. मग बाहेरून एक सर आले. समाजमंदिरात सगळ्यांना बसवून त्यांनी समजावलं, की पाहुण्यांना आपल्या घरी ठेवा, घरचं खाऊ घाला, बाटल्या बंद, हॉर्न बंद, डीजे बंद, जंगलातलं लाकूड तोडणं बंद. याला जबाबदार पर्यटन म्हणतात. सर माणूस चांगला. नाला साफ झाला तो त्यांच्यामुळंच, हे मी आजही म्हणतो.

शेवटी ते म्हणाले, "जेवण मात्र चुलीवरचं पाहिजे. पाहुणा त्यासाठीच येतो."

माझी बायको मागं बायकांत बसली होती. ती उठली. "सर, एक इचारू का? लाकूड तोडू नका म्हणता अन् चुलीवर रांधा म्हणता. मंग चुलीत माहे हातपाय घालू का?"

सगळं समाजमंदिर हसलं. सरही हसले. म्हणाले, "ताई, पऱ्हाटी आहे ना तुमच्याकडे. वायाच जाते ती."

पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचल्यावर शेतात उभी राहते ती काडी. सगळा हंगाम जिच्यावर औषध मारतो, तीच. घरी येता येता ती मला म्हणाली, "इष मारलेली काडी जाळाची अन् त्याच्यावर पाहुण्याची भाकर. वा रे वा." मी म्हटलं, तुले जास्त समजते का सरापेक्षा?

आमचं घर सरांना पसंत पडलं, पाहुणे पाठवायच्या यादीत त्यांनी ते घेतलं. कवेलूचं छप्पर, मातीच्या भिंती, पुढं सारवलेली सपरी, म्हणजे ओसरी. गॅसची शेगडी तेवढी मागच्या खोलीत गेली आणि सिलिंडरवर पोतं पडलं. घरच्यांचा सयपाक गॅसवर, पाहुण्यांचा चुलीवर, असं ठरलं. ठरवलं मी. तिला विचारलं नाही.

पाहुणे पहाटे जंगलात जात आणि अकराच्या सुमाराला उपाशी परत येत. वाघ दिसला असला तर खुशीत, नसला तर तोंड वाकडं. मग चुलीभोवती पाट टाकून बसत. जाळ चांगला लागलेला असायचा, तरी कोणीतरी म्हणायचंच, "काकू, परत एकदा फुंका ना, व्हिडिओ घ्यायचाय." ती परत फुंकायची. उगाच. राख उडून तिच्याच डोळ्यांत जायची.

दुसऱ्या वर्षी खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. भाकर थापताना मान वळवून खोकायची, पाहुण्याला किळस येऊ नये म्हणून. यवतमाळला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी छाती तपासली आणि विचारलं, "विडी ओढतात का या?"

ती म्हणाली, "मी नाई ओढत. चूल ओढते."

डॉक्टर हसले नाहीत. मला म्हणाले, धुराजवळ बसवू नका यांना, गॅस घ्या. मी मान हलवली. गॅस आहे हे सांगितलं नाही, लाज वाटली. परतीच्या एसटीत ती म्हणाली, "आता रविवारचे पाहुणे गॅसवर जेवतीन." मी म्हटलं, बघू.

रविवारी चुलीवरच झालं.

त्यानंतर एकदा नागपूरकडचे सहा जण आले होते. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा. मी सपरीत बसून त्यांना जंगलाच्या गोष्टी सांगत होतो. चुलीतून धूर येत होता, ती मध्येच मागच्या खोलीत जाऊन येत होती. जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला एक बाई डोळे मिटून म्हणाल्या, "चुलीची चवच वेगळी हो. गॅसवर येऊच शकत नाही." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. माझी बायको पदर तोंडाला लावून उभी होती. मला वाटलं खोकला आवरून राह्यली. ती हसत होती.

पानं उचलताना मी कढई हातात घेतली. बूड साफ होतं, काजळीचा डाग नाही. बोट फिरवून पाहिलं.

तिनं भाजी मागं गॅसवर केली होती. चुलीत दोन ओल्या काड्या नुसत्या धुमसत ठेवल्या होत्या दाखवायला, आणि वाढायच्या आधी कढई आणून चुलीवर मांडली होती.

"हे काय वं?" मी म्हटलं.

"हळू बोला. त्यायले काय समजते? धूर दिसला की चव लागते."

"खोटं करून राह्यली तू."

"अवो, पण खाल्लं ना त्यायनं बोटं चाटून? माही छाती आज पहिल्यांदा हलकी हाय. तुमचं काय गेलं?"

माझं काय गेलं होतं? काहीच नाही. पण सरांनी शिकवलं होतं की पाहुण्याशी खोटं बोलायचं नाही, आणि मी गावातला इमानदार माणूस म्हणवून घेत होतो. मी तिचा दंड धरून तिला सपरीत आणलं आणि त्या सहा जणांसमोर सांगितलं, "भाजी गॅसवरची होती. इनं फसवलं तुम्हाला. माफी माग."

ती मान खाली घालून उभी राहिली. माफी तिनं मागितली. नागपूरच्या एकानं हात झटकले. "जाऊ द्या हो बाबा. मस्त होती भाजी. आम्हाला काय फरक पडतो?"

तिथंच मी थांबायला पाहिजे होतं. त्यांना फरक पडत नव्हता, डॉक्टरांनी सांगून झालं होतं, तिची छाती हलकी होती. मी उलटा जास्त पेटलो. पाहुणे गेल्यावर गॅसचं रेग्युलेटर काढलं, लोखंडी पेटीत टाकलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. घरच्यांचा सयपाकही चुलीवर गेला, म्हणजे तिला सवय राहील. घरात आमची सून होती, ती सासूकडं पाहून मला म्हणाली, "मामाजी, आत्याबाईले झेपत नाई." मी म्हटलं, तुह्या आत्याबाईले नाटक झेपते, मंग सयपाक कसा झेपत नाई?

बायको माझ्याशी भांडली नाही. भांडायला श्वास लागतो.

पुढचा पूर्ण हंगाम तिनं चुलीवर काढला. उन्हाळ्याच्या शेवटी एक दिवस भाकर तव्यावर टाकली आणि ती उलटायच्या आत बसल्या जागी कलंडली. भाकर जळून कोळसा झाली. पाहुणे घाबरून मोटारीत जाऊन बसले. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नऊ दिवस नाकावर मास्क होता. सून जवळ आली की ती तिचा हात धरायची. मी जवळ गेलो की डोळे मिटायची. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूनं जाऊन पाहिलं, तिकडूनही मिटले. मी "माफ कर" म्हटलं नाही. सहा जणांसमोर तिला माफी मागायला लावली मी, आणि तिथं गावातलं कोणी ऐकणारं नसताना माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. दहाव्या दिवशी सकाळी ती गेली.

तेरवी व्हायच्या आधी सरांचा फोन आला. फार वाईट झालं म्हणाले. खरंच वाईट वाटलं असेल त्यांना. मग जरा थांबून विचारलं, "सूनबाई सांभाळतील ना चूल? पुढच्या हंगामाची नोंदणी सुरू आहे."

सून शेजारीच उभी होती, तिला ऐकू गेलं. तिनं माझ्यापुढं हात केला. "किल्ली द्या, मामाजी."

मी करदोट्याची गाठ सोडायला गेलो तर सुटेना. तिनं विळा आणून करदोटाच कापला. शेगडी बाहेर आणली, सपरीतून दिसेल अशी ओट्यावर मांडली. पोतं अंगणात फेकलं. चूल तिनं कुदळीनं फोडली, आणि माती उचलून बाहेर टाकायला मला लावली. मी टाकली.

हंगामाच्या आधी सर आले. शेगडी पाहिली. चहा घेतला, तोही गॅसवरचा. म्हणाले, "काका, तुमचं दुःख समजतं मला. पण चूल नसेल तर यादीत घर ठेवता येत नाही. नियम सगळ्यांना सारखा." मी त्यांचा रिकामा कप उचलला. असं बोलणं मला नवं नव्हतं, मीही तसंच बोलत होतो.

आमचे पाहुणे भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याकडे गेले. त्याची बायको तिशीतली. पहिला महिना पलीकडून हसण्याचे आवाज यायचे, "वहिनी, परत एकदा फुंका ना." दिवाळीनंतर खोकल्याचा आवाज येऊ लागला. तो सकाळचा खोकला मला ओळखू येतो. दिवसभराचा कधी होईल तेही मला माहीत आहे.

मी गेलो. शेजारी अंगणात पऱ्हाटी तोडत होता. मी सरळ सांगितलं, "बाईले गॅसवर बसव. दाखवाले चूल नुसती धुमसत ठेव, पाहुण्याले काई समजत नाई. पाहिजे तर मी शिकवतो कसं कराचं."

त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. "काका, तुमच्या घरचे पाहुणे माह्या घरी आले म्हून पोट जळून राह्यलं का तुमचं? आता मले खोटं कराले शिकवता? गावात इमानदार इमानदार म्हणत हिंडत होते ना?"

"पोट जळत असन तर जळू दे. तुही बायको मरन."

"तोंड सांभाळा, काका."

त्याची बायको आतून हे सगळं ऐकत होती. फुंकणी हातात घेऊनच ती दारात आली. डोळे लाल, कपाळाला राख. ती रागात नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"काका," ती म्हणाली, "तुम्हाले हे सारं समजत होतं, तर काकूले चुलीपासून काहून नाई उठवलं?"

शेजारीही माझ्याकडे पाहू लागला. तेवढ्यात रस्त्यावर पाहुण्यांची मोटार येऊन थांबली, दारं वाजली. ती उत्तराची वाट पाहत आणखी थोडी थांबली, मग खोकत खोकत चुलीकडे गेली.