डबा दुकानाचा, आइस्क्रीम माझं

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून इथे लिहितेय.

इटलीत कॅनोली नावाची तळलेली कुरकुरीत नळी मिळते, आत छन्न्याचं गोड सारण. व्हिडिओत बघितली आणि ठरवलं, याचं आइस्क्रीम करायचं. गाईचं दूध नासवून छन्ना केला, साय घोटली, कारंजा गावच्या संत्र्याची साल पाकात मुरवली, नळीऐवजी चिरोटे चुरून घातले. गोठवायला दुकानाच्या आइस्क्रीमचा जुना डबा घेतला. एरवी त्यात मटार असतात.

आज दुपारी सेवाग्रामहून मोठी नणंद आली. पहिलाच चमचा तोंडात घालून, दुकानाच्या डब्याकडे बघत म्हणाली, "वा! नागपूरहून आणलं काय वं? घरी असं जमतच नाई."

मी म्हटलं, "ताई, घरीच केलंय मी."

चमचा थांबला. मग दुसरा घास. "तरीच! साल कडू लागून राह्यली. अन् गोडही कमीच आहे."

तीच वाटी, तोच चमचा! मग मधल्यामधे कडू कुठून आलं? सकाळी भांडं चाटणारे आमचे हे आता पंख्याकडे बघत बसले.

आणि जाताना काय? "उरलेलं देजो वं, पोट्टे खातीन." डब्यासकट घेऊन गेली.

आत्ताच तिचा फोन आला. "पोट्ट्यायनं डबा चाटूनपुसून साफ केला. घरचं आहे म्हणून सांगितलंच नाई मी त्यायले!"

आता तुम्हीच सांगा, तिचे आभार मानू की माझा डबा परत मागू?