तिसऱ्या पोळीची मंजुरी

होळीच्या सकाळी पुरणयंत्र फिरवायला मी आपणहून बसलो, तेही डाव्या हातातलं स्मार्टवॉच मुद्दाम उजव्या हातात बांधून. जळलेल्या कॅलरी त्यानं मोबाइलमधल्या आहाराच्या ॲपला कळवल्या आणि ॲपनं मला तिसरी पुरणपोळी मंजूर केली. माणसाला भुकेइतकीच परवानगीचीही सवय असते. लहानपणी आईची, पुढे डॉक्टरांची, आता मनगटाची. जेवताना मी मोबाइल बायकोपुढे धरला.

"हात भरून आला म्हणून अर्ध्यावर उठलात. उरलेलं पुरण मी वाटलं, ते नाही का सांगितलं त्यानं?" असं म्हणत तिनं पोळी मोडून मला अर्धीच वाढली. तूप मात्र अख्ख्या पोळीचं घातलं.

ते तूप मी ॲपला कळवलेलं नाही, आणि कळवणारही नाही.