आक्काने सत्कार रद्द केला

माझी थोरली बहीण शकुंतला, आमची आक्का. फौजेत असताना मी बाहेरून बी.ए. केले. फॉर्म भरणे, पुस्तके पाठवणे सगळे तिचे. घरातला पहिला पदवीधर तिच्यामुळे झालो. आज जिवंत आहे, तोही तिच्यामुळेच.

त्या वर्षी सीमेवरच्या पोस्टवरून तीस दिवसांच्या लीव्हवर नल्लकुंट्याला घरी आलो. चौथ्या दिवसापासून दार लावून पडून राहू लागलो. जेवण नाही, झोप नाही. जगणे नको झाले होते आणि सांगायची लाज वाटत होती. आई पाहुण्यांना सांगायची, "थकलाय, पडू द्या." पोस्टवर पहाऱ्यावरच्या संत्रीला आम्ही कधी एकटे सोडत नव्हतो. घरात मात्र एकटे सोडण्यालाच माया म्हणत होते.

रविवारी दहा वाजता समाजाच्या हॉलमध्ये माझा सत्कार होता. नऊ वाजता काका इस्त्रीचा युनिफॉर्म घेऊन आले.

"ऊठ. तुझा फ्लेक्स लागलाय."

"मला नाही जमणार, काका."

"फौजी असून असलं तोंड? लोकांना काय सांगू?"

तेवढ्यात आक्का चिक्कडपल्लीच्या तिच्या घरून आली. माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"मिलिंद, जीव द्यायचं मनात येतंय का?"

"हो."

ती रडली नाही, उपदेश केला नाही. "कधीपासून?" एवढेच विचारले आणि ऐकत राहिली.

काका ओरडले, "असलं अभद्र कायकू विचारते? नसलेलं डोक्यात घालशील!"

"आधीच आहे ते डोक्यात. तुम्हाला फ्लेक्स दिसतो, पोरगं दिसत नाही? सत्कार कॅन्सल. ती शाल तुम्हीच पांघरा!"

बारा वाजता आम्ही मिलिटरी हॉस्पिटलात मानसोपचाराच्या डॉक्टरांसमोर होतो. पुढचे कित्येक दिवस कोणी ना कोणी माझ्याजवळ बसले. काकासुद्धा, तोंड फुगवून.

बरा होऊन ड्यूटीवर परतलो. काही महिन्यांनी माझ्या प्लाटूनमधला नाईक यादगिरी लीव्हवर गेला, तो परत आला नाही. युनिटमधून मी पत्र लिहिले:

"आक्का,

यादगिरी आत्महत्येने गेला. त्याच्या भावाशी बोललो. यादगिरीने घरी दोनदा सांगितले होते. 'मर्दासारखा राहा, लेकरांकडे बघ,' म्हणाले. माझा संताप आवरत नाही. भावावर नाही, तो फोनवर ढसाढसा रडला. हेच बोलायचे असते, असे ज्यांनी त्याला शिकवले, त्या आपल्या सगळ्यांवर.

शहिदांच्या यादीत त्याचे नाव वाचणार नाहीत. म्हणून तुला लिहितो. बर्फात वायरलेस सेट बंद पडला की तोच चालू करायचा. 'अल्फा, चहा पाठवा, ओव्हर,' म्हणायचा.

मी एकदाही बोललो नव्हतो, तरी तू विचारलेस. तो दोनदा बोलला, आक्का.

जय भीम.
तुझा मिलिंद"