वहिनींनी पुसलेल्या पायऱ्या

आमच्या वहिनी चपला घ्यायला गेल्या की दुकानदार आधी स्वतःसाठी स्टूल ओढतो. त्याला ठाऊक असतं, बाई प्रत्येक जोड पायात घालून बाहेरच्या खडबडीत फुटपाथवर चालून येणार, मग आतल्या गुळगुळीत फरशीवर चालणार आणि शेवटी पहिलाच जोड घेणार. दादालाही त्यांनी अशीच पारख करून घेतलं असावं असा मला संशय आहे. फक्त तिथे बदलून घ्यायची सोय नव्हती.

या वहिनी रुग्णवाहिका केंद्रात काम करतात. फोन आला की कुठली गाडी कुठे धाडायची हे त्यांच्या खोलीतून ठरतं. साहेबांनी त्यांच्यावर एक काम सोपवलं: गाड्यांमधल्या टॅबलेटवर नकाशा आणायचा. माहिती फुकट होती. हौशी लोकांनी गल्लोगल्ली हिंडून रस्ते, पूल, बोळ नोंदवून सगळ्यांसाठी खुले ठेवले होते. पण त्या नुसत्या नोंदी. त्यांचा डोळ्यांना दिसेल असा नकाशा रंगवून देणारं सॉफ्टवेअर निवडायचं होतं. वाट दाखवणारा बाण मात्र नको, नकाशा बघून ड्रायव्हरनेच रस्ता ठरवायचा, हा केंद्राचा जुना नियम. म्हणजे नकाशा फसवा निघाला तर टेकडीवर कुणाच्या तरी छातीत कळ येणार आणि गाडी भलतीकडेच उभी राहणार. वहिनींची झोप उडायला एवढं पुरेसं होतं.

त्यांनी तीन सॉफ्टवेअर निवडून काढली आणि त्यांना घरगुती नावं दिली. पहिलं ‘सासूबाई’. त्याचं रूप आधीच ठरलेलं. रस्ते असेच दिसणार, पूल असेच दिसणार, पटत नसेल तर दुसरं घर बघा. (हे नाव आईसमोर काढायचं नाही, अशी आम्हा सगळ्यांना ताकीद होती.) दुसरं ‘जावईबापू’. काहीही मागा, मिळणार, पण उठायलाच वेळ लावणार. आणि तिसरं ‘नवरी’. तिला हवं तसं नटवता येई. रंग, रेघा, अक्षरं, सगळं आपल्या हातात.

आता परीक्षा. जुन्या ड्रायव्हर मंडळींना शहर तोंडपाठ, नकाशा चुकला तरी ती पोचणारच; खरी अडचण नव्यांची. “मला असा माणूस हवा,” वहिनी जेवताना दादाला म्हणाल्या, “ज्याला स्वतःच्या घरचा पत्ता विचारत यावं लागतं.” आणि दोघांनीही एकदम माझ्याकडे पाहिलं. रस्ता चुकण्यात माझा हात धरणारा आमच्या घराण्यात झाला नाही. या गुणाचा कुणाला उपयोग होईल असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं.

मग दर रविवारी वहिनी एक पत्ता देत आणि मी गाडी काढत असे. जावईबापूंनी मला भर चौकात पांढऱ्या पडद्यासमोर ताटकळत ठेवलं, मागचे हॉर्न वाजवून थकले. ते बाद झाले. सासूबाईंनी कुरकुर न करता पोचवलं, पण दिसायला अगदीच रुक्ष. वहिनींचा जीव नवरीत अडकला होता. महिनाभर त्या तिला नटवत होत्या. नदीला निळा सापडेपर्यंत त्यांनी घरातल्या सगळ्यांना वेठीला धरलं. माझ्या मते सगळे निळे निळेच होते, पण हे बोलल्यावर माझा चहा थंड आला. नकाशा मात्र खरोखर असा झाला की बघत राहावं. साहेबांनी तो भिंतीवर लावायलाही मागितला. आता साहेबांच्या बैठकीत नुसता होकार द्यायचा बाकी होता.

बैठकीच्या आदल्या दिवशी वहिनींनी मला शेवटचा पत्ता दिला, टेकडीवरचा. मी नवरीवर विसंबून निघालो. शिंप्याचं दुकान आणि लाँड्री यांच्यामधून नकाशावर एक छान पिवळी गल्ली थेट त्या घराशी जात होती. मी वळलो आणि ब्रेक दाबला. फोन लावला.

“पोचलात इतक्यात? बघा, मी म्हटलं नव्हतं?”

“मी पोचलोय, वहिनी. घर वर आहे. आणि माझी गाडी अजून पायऱ्या चढायला शिकलेली नाही.”

“तिथेच थांबा,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग वहिनी स्वतःच बसने आल्या आणि त्यांनी खालच्या पायरीवर बसून लॅपटॉप उघडला. मूळ नोंदीत सगळं चोख होतं. पायऱ्या होत्या, बाजूचा कठडासुद्धा होता. कुणा अनोळखी माणसाने चढून, धापा टाकत ते लिहिलं असणार. सासूबाईंनी तिथे कंगव्याच्या दातांसारख्या बारीक रेघा काढून सांगितलंही होतं. नवरीच्या चेहऱ्यावर ते दात बरे दिसत नाहीत, म्हणून वहिनींनीच ते पुसले होते. पायऱ्यांनाही गल्लीचाच पिवळा रंग दिला होता.

“दुरुस्त करायला किती वेळ लागेल?” मी विचारलं.

“तेवढं लगेच होईल,” त्या म्हणाल्या, पण त्यांनी लॅपटॉप मिटला.

बैठकीत काय झालं ते मला त्यांच्या एका ड्रायव्हरने सांगितलं. साहेब नवरीचं कौतुक करत असताना वहिनींनी उठून आपली चूक सांगितली. साहेब हसून म्हणाले, पायऱ्या परत काढा, विषय मिटला. त्यावर वहिनी म्हणाल्या, “या पायऱ्या माझे दीर अडकले म्हणून सापडल्या, साहेब. चांगलं दिसावं म्हणून मी आणखी काय काय पुसलंय, ते मलाच आठवत नाही. सासूबाईंचं रूप खूप जणांनी भांडून भांडून ठरवलंय. तिथे एकट्या माझी हौस चालत नाही.” साहेबांना ‘सासूबाई’ कोण ते कळलं नाही, पण गाड्यांमध्ये त्याच बसल्या. महिनाभराची मेहनत वहिनींनी जुनी चादर घडी करावी तशी बाजूला ठेवली. चपलेच्या दुकानात पहिला जोड उचलताना त्यांचा चेहरा असाच असतो.

पुढे त्याच टेकडीवरून एकदा फोन आला. गाडी लाँड्रीकडे न वळता वरच्या रस्त्याने, दवाखान्यामागून गेली आणि थेट दारात उभी राहिली. वहिनींनी ते घरी सांगितलंसुद्धा नाही.

नवरी वाया गेली नाही. तिची चौकटीत बसवलेली मोठी प्रत आता माझ्या बैठकीच्या खोलीत आहे, नदीच्या त्या निळ्यासकट. फक्त शिंप्याच्या दुकानाशेजारी वहिनींनी लाल पेनने स्वतःच्या हाताने कंगव्याचे दात काढलेत, चांगले जाडजूड, सगळ्या नकाशाची शोभा घालवणारे. चौकट देताना म्हणाल्या, “भावजी, एवढं तरी तुम्हाला दिसेल.”